पहाडासारखा जोना, मुठीएवढी किडनी

रग्बीच्या मैदानावर त्याला अडवणारा गडी सापडत नव्हता. जगभरची पोरं त्याचा अकरा नंबरचा शर्ट घालून मिरवत होती. खेळात पैसा आणणारा तो पहिला मोठा तारा. पण ज्या शरीरावर ही सारी दौलत उभी होती, त्याच शरीराच्या आत काहीतरी झिजत चाललं होतं. न्यूझीलंडच्या जोना लोमूची ही कहाणी.

१८ जून १९९५. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनचं न्यूलँड्स मैदान. रग्बीच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना, न्यूझीलंड विरुद्ध इंग्लंड. सामना सुरू होऊन जेमतेम दोन-तीन मिनिटं झाली असतील. चेंडू न्यूझीलंडच्या डाव्या कडेला उभ्या असलेल्या अकरा नंबरच्या खेळाडूकडे आला. हातात नीट बसला नाही, मागे गेला. वळून त्यानं तो उचलला आणि धावत सुटला. समोर आलेल्या टोनी अंडरवूडला त्यानं बाहेरच्या बाजूनं मागे टाकलं. इंग्लंडचा कप्तान विल कार्लिंग यानं मागून पायाला हात घातला. गडी अडखळला, पण पडला नाही. आता मध्ये उरला एकटा माइक कॅट. तोल जाता जाता हा पहाड थेट कॅटच्या अंगावरून गेला आणि चेंडू रेषेपलीकडे टेकवून मोकळा झाला!

त्या दिवशी हे दृश्य एकदा नाही, चार वेळा दिसलं. न्यूझीलंडनं सामना ४५-२९ असा जिंकला. हा माणूस जितक्या लवकर इथून जाईल तितकं बरं, अशा अर्थाचे उद्गार सामन्यानंतर कार्लिंगनं काढले. त्यात थट्टा कमी आणि हतबलता जास्त होती.

हा 'माणूस' होता अवघ्या वीस वर्षांचा. नाव जोना लोमू. उंची सहा फूट पाच इंच, वजन १२० किलोच्या घरात, आणि शंभर मीटर अंतर अकरा सेकंदांच्या आत कापणारे पाय! एवढा अवजड देह एवढ्या वेगानं धावताना रग्बीच्या जगानं त्याआधी पाहिला नव्हता.

रग्बी म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे रग्बी हा काही घरोघरी ठाऊक असलेला खेळ नाही. पण पावसाळ्यात मुंबईच्या आझाद मैदानाशेजारून जाताना बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर चिखलात लोळणारे, एकमेकांवर झेपावणारे धिप्पाड खेळाडू तुम्ही कधी पाहिले असतील, तर तोच हा खेळ. त्याचं आपल्या देशाशी जुनं नातंही आहे. कलकत्त्यातला इंग्रजांचा एक रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद पडला, तेव्हा बँकेत शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी एक चषक घडवला. नागांच्या आकाराच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या या 'कलकत्ता कप'साठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही दरवर्षी झुंजतात.

रग्बी युनियनमध्ये प्रत्येक संघात पंधरा खेळाडू. चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा. तो हातात घेऊन धावायचं आणि प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. याला म्हणतात 'ट्राय', त्याचे गुण पाच. गंमत अशी, की चेंडू हातानं पुढे फेकायला बंदी. सहकाऱ्याला द्यायचा तर बाजूला किंवा मागेच द्यायचा. अडवणाऱ्यानं चेंडूवाल्याला मिठी घालून खाली पाडायचं. कबड्डीतली पकड डोळ्यांसमोर आणा, फक्त इथे चढाई करणारा पूर्ण वेगात अंगावर येत असतो. हेल्मेट नाही, चिलखत नाही, आणि सामना ऐंशी मिनिटांचा.

मैदानाच्या दोन्ही कडांना उभ्या असणाऱ्या खेळाडूंना विंगर म्हणतात. हे काम सडपातळ, चपळ खेळाडूंचं. दणकट गडी मधल्या रेटारेटीसाठी. जोनाही शाळेत मधल्या दणकट फळीतच खेळायचा. त्याला कडेला उभं करण्याची कल्पना न्यूझीलंडच्या प्रशिक्षकांची. नांगराचा बैल शर्यतीच्या गाड्याला जुंपावा, आणि तोच सगळ्यात पुढे निघावा, तसं झालं!

आईनं धाडलं शाळेत

जोनाचा जन्म १२ मे १९७५ चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंड परिसरातला. आईवडील मूळचे प्रशांत महासागरातल्या टोंगा या छोट्याशा बेटांच्या देशातले. कामाच्या शोधात जी शेकडो कुटुंबं ऑकलंडच्या दक्षिण भागात येऊन राहिली, त्यांपैकी हे एक. अगदी लहानपणाची काही वर्षं जोना टोंगात मावशीकडे वाढला. तिथून परत आणल्यावर आपलं घर, आपली भाषा, सगळंच त्याला परकं वाटू लागलं. त्यात वस्ती गरिबीची, पोरांच्या टोळ्यांची, मारामाऱ्यांची. घरी वडिलांचा हात सैल सुटायचा. त्या माराच्या आठवणी जोनानं मोठेपणी स्वतःच सांगितल्या आहेत.

हा मुलगा हाताबाहेर जाणार, हे आईनं ओळखलं. तिनं त्याला वस्तीपासून दूर वेस्ली कॉलेज या निवासी शाळेत धाडलं. तिथल्या मैदानानं त्याला वाचवलं. धावणं, उंच उडी, गोळाफेक, जे हाती घेईल त्यात हा पुढे. आणि रग्बीत तर त्याच्या वयाची मुलं त्याच्यासमोर उभी राहायला बिचकत.

२६ जून १९९४ रोजी फ्रान्सविरुद्ध ख्राइस्टचर्चला तो न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघातून, म्हणजे प्रसिद्ध 'ऑल ब्लॅक्स'मधून पहिला कसोटी सामना खेळला. वय १९ वर्षं ४५ दिवस. इतक्या लहान वयात ऑल ब्लॅक्सकडून कसोटी कोणीच खेळलं नव्हतं. पण सुरुवात चांगली झाली नाही. फ्रान्सनं ती मालिका जिंकली, कडेला कुठे उभं राहायचं याबाबत जोनाच्या चुका उघड्या पडल्या आणि त्याला वगळण्यात आलं. पुढल्या वर्षी विश्वचषकाच्या संघात तो कसाबसा आला, तेव्हा त्याच्या नावावर फक्त दोन कसोटी सामने होते.

आणि मग त्या विश्वचषकात पाच सामन्यांत सात ट्राय! अंतिम सामन्यात मात्र दक्षिण आफ्रिकेनं त्याला मोकळं सुटूच दिलं नाही. एकानं पाय धरायचे, दुसऱ्यानं कंबर, तिसऱ्यानं खांदे. जादा वेळेत दक्षिण आफ्रिका १५-१२ अशी जिंकली आणि हिरवा शर्ट घातलेल्या नेल्सन मंडेलांनी विजेत्या कप्तानाच्या हाती चषक दिला. ते छायाचित्र जगानं डोक्यावर घेतलं. आश्चर्य म्हणजे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध बारा कसोटी खेळूनही जोनाला एकही ट्राय करता आला नाही.

खेळ झाला व्यवसाय

या विश्वचषकानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९९५ मध्ये, पॅरिसच्या बैठकीत रग्बी युनियननं खेळाडूंना पैसे घेण्याची उघड परवानगी दिली. हा निर्णय किती मोठा, हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागेल. १८९५ मध्ये इंग्लंडच्या उत्तर भागातल्या क्लबांनी एक साधी मागणी केली होती. खाणीत, गिरणीत राबणारा खेळाडू शनिवारच्या सामन्यासाठी कामावर खाडा करतो, तर त्याची बुडालेली मजुरी भरून द्या. ती नाकारली गेली. क्लब बाहेर पडले आणि त्यांच्यातून 'रग्बी लीग' हा वेगळा खेळ उभा राहिला. रग्बी युनियन मात्र शंभर वर्षं हौशीच राहिली. ऑल ब्लॅक्सचे मोठमोठे खेळाडू शेती करत, पोलिसात नोकरी करत आणि उरलेल्या वेळात देशासाठी खेळत. आपल्याकडे कबड्डीपटूंनी रेल्वेत, बँकेत नोकरी करत वर्षानुवर्षं मैदान गाजवलं, तसंच.

१९९५ मध्ये दूरचित्रवाणीचा पैसा आला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या तोंडावरच न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या मंडळांनी रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीशी दहा वर्षांचा करार केला. रक्कम सुमारे ५५ कोटी अमेरिकी डॉलर! एवढा पैसा ओतायचा तर लोकांना खेचणारा चेहरा हवा. तो तयारच होता. रग्बी न कळणाऱ्यालाही जोनाचं धावणं कळायचं. अमेरिकी फुटबॉलच्या क्लबांची नजर त्याच्यावर गेली. बुटांच्या कंपन्या दारात आल्या. न्यूझीलंडमध्ये त्याच्या नावाचा बर्गर निघाला, १९९७ मध्ये त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आला. जोना न्यूझीलंडमध्येच राहिला.

नोकरदाराचा पगार त्याच्या हुद्द्यावर असतो, दुकानदाराची कमाई त्याच्या गल्ल्यावर. व्यावसायिक खेळाडूचं भांडवल म्हणजे त्याचं शरीर. आणि जोनाचं भांडवल तर साऱ्या जगात सर्वांत मोठं दिसत होतं.

आतली गळती

त्याच १९९५ सालच्या अखेरीस डॉक्टरांनी निदान केलं, नेफ्रॉटिक सिंड्रोम. किडनीचा आजार.

आपल्या पाठीकडच्या बाजूला, बरगड्यांखाली दोन किडन्या असतात, प्रत्येकी साधारण मुठीएवढी. एकेका किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या. रक्तातला कचरा आणि जास्तीचं पाणी त्या लघवीवाटे बाहेर टाकतात आणि रक्तातली प्रथिनं आत राखतात. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये या गाळण्यांची भोकं जणू मोठी होतात आणि प्रथिनं लघवीतून वाहून जातात. लघवीला फेस येतो. पावलं, घोटे, चेहरा सुजतो. अशक्तपणा येतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. काहींचा आजार औषधांनी आटोक्यात येतो, काहींच्या किडन्या हळूहळू निकामी होत जातात.

हा आजार बाहेरून दिसत नाही, हीच त्याची मोठी खोड. १२० किलोचा गडी, त्याला काय धाड भरलीय, असंच कुणालाही वाटणार. थकवा आला की सरावाचा थकवा, सूज आली की मार लागल्याची सूज. १९९७ मध्ये कडक औषधोपचारांसाठी जोनाला बराच काळ मैदानाबाहेर राहावं लागलं. तो मैदानात परतला, तेव्हा अनेकांना वाटलं, आजार संपला. तो संपला नव्हता, फक्त दबला होता.

यापुढचे पराक्रम वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत, सात खेळाडूंच्या रग्बीत न्यूझीलंडला सुवर्णपदक मिळालं, त्या संघात जोना होता. १९९९ च्या विश्वचषकात त्यानं आठ ट्राय केले. एका विश्वचषकात यापेक्षा जास्त ट्राय आजवर कुणालाच जमलेले नाहीत. २०२३ च्या स्पर्धेपर्यंत मोजक्या तिघांनीच या आकड्याशी बरोबरी साधली. १५ जुलै २००० रोजी सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध, १,०९,८७४ प्रेक्षकांसमोर, सामना संपता संपता डाव्या कडेनं धावत जाऊन जोनानं विजयी ट्राय केला. न्यूझीलंड ३९, ऑस्ट्रेलिया ३५. जुने जाणकार आजही त्या सामन्याबद्दल बोलताना हरखून जातात.

पण दरवर्षी पाय थोडे जड होत होते. २३ नोव्हेंबर २००२ रोजी कार्डिफला वेल्सविरुद्ध तो कसोटी खेळला, ती शेवटचीच ठरली. ६३ कसोटी, ३७ ट्राय. तेव्हा त्याचं वय होतं सत्तावीस.

मित्राची भेट

मे २००३ मध्ये जाहीर झालं, की जोनाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस घ्यावं लागतंय. ज्यांच्या घरात डायलिसिसचा रुग्ण आहे, त्यांना हे तीन दिवस काय असतात ते सांगायला नको. दर खेपेला चार-चार तास खाटेवर, एका बाजूनं रक्त यंत्रात जातं, दुसऱ्या बाजूनं परत येतं. पाणी मोजून प्यायचं, जेवण मोजून घ्यायचं. जोनाच्या पायांच्या मज्जातंतूंवरही आजाराचा परिणाम झाला होता. ज्या पायांनी अख्खा इंग्लंड संघ तुडवला, त्या पायांनी नीट चालणंही मुश्कील झालं. चाकाच्या खुर्चीची भीती समोर उभी राहिली.

अशा वेळी पुढे आला ग्रँट केरीआमा. वेलिंग्टनचा रेडिओ निवेदक, जोनाचा मित्र. रक्ताचं नातं काहीही नाही. तपासण्या जुळल्या आणि जुलै २००४ मध्ये ऑकलंडला शस्त्रक्रिया झाली. केरीआमाची एक किडनी जोनाच्या शरीरात काम करू लागली.

इतर कुणी असता, तर मिळालेलं आयुष्य जपत घरी बसला असता. जोनानं पुन्हा बूट चढवले! जून २००५ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंडचा माजी कप्तान मार्टिन जॉन्सन याच्या गौरव सामन्यात तो उतरला आणि ट्रायही केला. खांदा मात्र दुखावला. त्या वर्षाच्या शेवटी वेल्समधल्या कार्डिफ ब्लूज क्लबनं त्याच्याशी करार केला. तिथे घोटा मोडला. मग २००६ मध्ये न्यूझीलंडला परतून नॉर्थ हार्बरकडून तो खेळला. २००७ चा विश्वचषक खेळायचा, एवढी एकच आस होती. पण वरच्या पातळीवरच्या स्पर्धेत एकाही संघानं त्याला घेतलं नाही आणि ते स्वप्न तिथेच संपलं.

हे पुनरागमन फसलं, असं आकडे म्हणतील. पण दुसऱ्याची किडनी घेऊन एक माणूस व्यावसायिक रग्बीच्या मैदानात उभा राहिला, धावला, पडला, पुन्हा उठला. डायलिसिसच्या खाटेवर पडल्या पडल्या ही बातमी वाचणाऱ्यांना त्यातून काय मिळालं असेल, ते आकड्यांत कसं मांडणार?

शेवटची धाव

प्रत्यारोपण म्हणजे आजारातून कायमची सुटका नव्हे. शरीर परक्या किडनीला शत्रू समजतं, म्हणून ते समजूतदार राहावं यासाठी आयुष्यभर औषधं घ्यावी लागतात. काहींची किडनी वीस-वीस वर्षं साथ देते. जोनाची सात वर्षं टिकली. सप्टेंबर २०११ मध्ये ऑकलंडच्या ईडन पार्कवर विश्वचषकाच्या उद्घाटन सोहळ्यात लोकांनी त्याला डोळे भरून पाहिलं. त्यानंतर काही दिवसांतच तो रुग्णालयात होता. किडनी निकामी होत चालली होती. पुन्हा डायलिसिस सुरू झालं.

२०१५ मध्ये विश्वचषक इंग्लंडमध्ये भरला, तेव्हा डायलिसिस घेत घेत तो तिथे गेला. त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानानं त्याच्या विश्वचषकातल्या एकूण पंधरा ट्रायच्या विक्रमाशी बरोबरी केली. परतीच्या वाटेवर जोना कुटुंबासह दुबईला थांबला. घरी पोहोचला आणि १८ नोव्हेंबर २०१५ च्या सकाळी हृदय थांबलं. वय अवघं चाळीस. ३० नोव्हेंबरला ईडन पार्कवर हजारो लोक जमले. त्याच्या वेस्ली शाळेच्या मुलांनी छाती ठोकत, जमिनीवर पाय आपटत 'हाका' केला. ऑल ब्लॅक्स सामन्याआधी माओरी लोकांचा जो आवेशाचा नाच करतात, तोच. फक्त यावेळी तो निरोपाचा होता.

मागे राहिली पत्नी नादीन आणि दोन लहान मुलं. थोड्याच दिवसांत कळलं, की ज्याच्या नावावर कंपन्यांनी इतका पैसा कमावला, त्याच्या घरात फारसं काही शिल्लक नव्हतं. आजारपण लांबलेलं, वरच्या पातळीवरची कारकीर्द विशीतच संपलेली, आणि हात मुळातच सढळ. अखेर न्यूझीलंडच्या खेळाडू संघटनेनं पुढाकार घेऊन त्याच्या मुलांसाठी निधी उभारला. खेळाडूच्या ऐन भरातल्या कमाईचे आकडे वर्तमानपत्रांत झळकतात, पण ती कमाई किती थोड्या वर्षांत गोळा करावी लागते आणि किती वर्षं पुरवावी लागते, ते कुणी छापत नाही.

आपल्या घरासाठी

जोनाच्या गोष्टीतून आपल्या घरासाठी दोन गोष्टी बांधून ठेवाव्यात. पहिली, अंगापिंडानं माणूस कितीही भक्कम दिसो, किडनीचा आजार बाहेरून कळत नाही. सकाळी चेहऱ्यावर सूज, पावलांवर बोट दाबलं तर पडणारा खळगा, लघवीला सतत फेस, असं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन या दोन साध्या तपासण्यांवरून बरंच काही कळतं. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर या तपासण्या दरवर्षी करायलाच हव्यात.

दुसरी गोष्ट केरीआमाची. आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानं अवयवांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घातली. किडनी देणारे बहुधा जवळचे नातलगच असतात. मित्राला द्यायची झाली तर अधिकृत समितीची परवानगी लागते, कारण त्यामागे प्रेमच आहे, पैसा नाही, याची खात्री करावी लागते. त्याच कायद्यानं मेंदूमृत रुग्णाचे अवयव नातलगांच्या संमतीनं दान करण्याची वाटही मोकळी केली. त्या संमतीचा प्रश्न येतो तो घरावर आभाळ कोसळलेलं असताना. म्हणून हा विषय एखाद्या रविवारी, सगळे धडधाकट असताना, जेवणाच्या पंगतीत निघालेला बरा.

मित्रानं दिलेली किडनी जोनाला ऑल ब्लॅक्सचा काळा शर्ट परत मिळवून देऊ शकली नाही. फक्त सात वर्षं तिनं दिली. पण जोनाची दोन्ही मुलं त्याच सात वर्षांत जन्मली. ती एकवीस वर्षांची होईपर्यंत आपण जगावं, एवढीच शेवटच्या काळात त्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. तरी त्या मुलांना बापाच्या खांद्यावर बसायला मिळालं, ते केरीआमानं उचलून दिलेल्या मुठीएवढ्या भेटीमुळे.